‘गोल्डनआय ००७’ : चित्रपटानंतर दोन वर्षांनी आलेल्या खेळाची पार्श्वभूमी

चित्रपटावर व्हिडिओ गेम काढायचा, तर चित्रपट पडद्यावर असतानाच तो दुकानात आला पाहिजे, हा या धंद्याचा जुना दंडक. चित्रपटाच्या जाहिरातीवरच खेळही खपून जावा, हा त्यामागचा सरळ हिशेब असे. १९८२ मध्ये अटारी कंपनीने ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा खेळ नाताळापूर्वी बाजारात आणण्यासाठी एकाच प्रोग्रामरकडून जेमतेम पाच आठवड्यांत लिहून घेतला. न खपलेल्या कार्ट्रिजपैकी (खेळ साठवलेल्या डब्यांपैकी) बरीच पुढे न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरली गेली आणि २०१४ मध्ये त्यांतली काही उकरून बाहेरही काढण्यात आली. सगळ्याच चित्रपटाधारित खेळांची अशी गत झाली नाही, पण घाईच्या खुणा त्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर दिसत. ‘गोल्डनआय’ हा जेम्स बाँडचा चित्रपट नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रदर्शित झाला आणि निंटेंडो या जपानी कंपनीच्या निंटेंडो ६४ या कन्सोलवरचा (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावरचा) त्याचा खेळ ऑगस्ट १९९७ मध्ये आला. तोवर पुढचा बाँडपट प्रदर्शनाच्या तयारीत होता. धंद्याच्या रूढ हिशेबाने हा खेळ बुडायला हवा होता. प्रत्यक्षात त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याच्या घडणीचा इतिहास पाहिला, तर त्याचे बहुतेक गुण या उशिरातूनच आले, असे म्हणावे लागते.

खेळ तयार करणारी रेअर ही कंपनी इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यातील ट्वायक्रॉस गावात, एका जुन्या शेतघरात काम करीत असे. १९९४ च्या अखेरीस आलेल्या ‘डाँकी काँग कंट्री’ या खेळामुळे तिचे निंटेंडोकडील वजन वाढले होते आणि त्याच सुमारास बाँडच्या नव्या चित्रपटावर खेळ करण्याचा विषय निघाला. सुरुवातीची कल्पना अगदी साधी होती : सुपर निंटेंडो या जुन्या कन्सोलसाठी, बाजूने दिसणारा, उड्या मारीत पुढे जाण्याचा खेळ. मार्टिन हॉलिस या तरुण प्रोग्रामरने, हा खेळ येऊ घातलेल्या नव्या त्रिमित यंत्रासाठी, म्हणजे निंटेंडो ६४ साठी, करावा, असा प्रस्ताव मांडला आणि दिग्दर्शनाची जबाबदारी त्याच्याकडेच आली. त्याच्याभोवती जमलेल्या मंडळींपैकी बहुतेकांनी यापूर्वी एकही खेळ तयार केलेला नव्हता. अमुक एक गोष्ट जमणार नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हते, आणि ते पथ्यावरच पडले असावे.

त्या काळी नायकाच्या डोळ्यांनी दिसणारा नेमबाजीचा खेळ ही संगणकाची मिरास मानली जाई. आयडी सॉफ्टवेअरच्या १९९३ मधील ‘डूम’ने त्याचा साचा घालून दिला होता. घरगुती कन्सोलवर, हातातल्या छोट्या कंट्रोलरने, तसा खेळ धड खेळता येईल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. हॉलिसचा दुसरा आदर्श होता सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीचा ‘व्हर्चुआ कॉप’. आर्केडमधल्या (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनातल्या) या खेळात खेळाडू ठरलेल्या मार्गावरून आपोआप पुढे सरकतो आणि त्याने फक्त नेम धरायचा असतो. ‘गोल्डनआय’ही काही काळ तसाच करायचा विचार होता. गोळी खांद्याला लागली, पायाला लागली की हाताला, त्यानुसार शत्रूने वेगवेगळा कळवळावा, हा तपशील तिथूनच आला आणि शेवटपर्यंत टिकला.

अडचण अशी, की ज्या यंत्रासाठी खेळ लिहायचा ते यंत्रच अजून अस्तित्वात नव्हते. निंटेंडो ६४ जपानमध्ये विक्रीला आले जून १९९६ मध्ये. तोवर चमूने सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या संगणकांवर, यंत्र साधारण कसे चालेल याचा अंदाज बांधीत काम केले. त्याचा कंट्रोलरही हाती नसल्याने सेगाच्या सॅटर्न या कन्सोलचा कंट्रोलर फेरफार करून वापरला गेला. म्हणजे निंटेंडोच्या खेळाची पहिली चाचणी प्रतिस्पर्ध्याच्या उपकरणावर झाली! खरे यंत्र आल्यावर दृश्यांची बरीच काटछाट करावी लागली. अखेर सगळा खेळ १२ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवला गेला.

या प्रतीक्षेचा फायदा असा झाला, की जागा उभारायला भरपूर वेळ मिळाला. चित्रपटाचे चित्रीकरण लीव्ह्सडेन येथे, विमानांची इंजिने बनवणाऱ्या एका जुन्या कारखान्यात उभारलेल्या सेटवर चालू होते. चमूने तिथे अनेकदा जाऊन छायाचित्रे काढली, नकाशे मिळवले आणि त्यांवरून इमारती जशाच्या तशा बांधायला घेतल्या. शत्रू कुठे असतील, खेळाडूने काय करायचे, हे पुष्कळदा नंतर ठरले. त्यामुळे या खेळातल्या इमारतींमध्ये काहीही घडत नाही अशा खोल्या आहेत, कुठेही न नेणारे कोपरे आहेत आणि एकाच ठिकाणी पोहोचण्याच्या दोन-तीन वाटा आहेत. नेमक्या याच गोष्टींमुळे त्या खऱ्या वाटतात.

‘फॅसिलिटी’ हा टप्पा याचे उत्तम उदाहरण ठरावा. चित्रपटात बाँड रासायनिक अस्त्रांच्या कारखान्यात शिरतो तो स्वच्छतागृहाच्या छतातून, उलटा लटकत. प्रसंग विनोदी आहे आणि क्षणात संपतो. खेळात टप्पा सुरू होतो तेव्हा खेळाडू हवेच्या अरुंद नळीत असतो. रांगत पुढे गेल्यावर खाली स्वच्छतागृह दिसते आणि तिथल्या पहारेकऱ्यांना चाहूलही लागलेली नसते. आवाज न करणारे पिस्तूल वापरले, तर पुढची वाट सोपी होते. मोठी बंदूक झाडली, तर आवाजाने आणखी शिपाई धावून येतात. ‘डूम’च्या धाटणीच्या खेळात दिसेल त्याला टिपणे एवढेच काम असे. इथे दबकत चालणे, कॅमेरे फोडणे, धोक्याची घंटा वाजू न देणे, शास्त्रज्ञांना इजा न करणे हाही खेळाचाच भाग झाला. प्रत्येक टप्प्यात अनेक कामगिऱ्या द्यायच्या, ही कल्पना हॉलिसने ‘सुपर मारिओ ६४’वरून घेतली होती. काठिण्यपातळी वाढवली, की शत्रू चिवट होतातच, शिवाय कामेही वाढतात. त्यामुळे तीच इमारत तीन वेळा तीन तऱ्हांनी खेळता येते.

हिंसेबाबतचा एक प्रसंग हॉलिसने २०१५ मध्ये एका भाषणात सांगितला. निंटेंडोचे शिगेरू मियामोटो, म्हणजे मारिओचे जनक, यांनी खेळ पाहून फॅक्स पाठवला : अगदी जवळून होणाऱ्या हत्या फार आहेत, तेव्हा खेळाच्या शेवटी खेळाडूने रुग्णालयात जाऊन सगळ्या शत्रूंशी हस्तांदोलन करावे, असे काही करता येईल का? ते झाले नाही. मात्र अखेरीस पात्रांची ओळख चित्रपटाच्या श्रेयनामावलीसारखी करून देण्यात आली, जेणेकरून हे सगळे नाटक होते, हे खेळाडूच्या लक्षात राहावे.

ज्या भागाने हा खेळ घरोघरी पोहोचवला, तो मात्र मूळ आराखड्यात नव्हताच. निंटेंडो ६४ ला चार कंट्रोलर जोडण्याची सोय होती. काम संपत आले असताना स्टीव्ह एलिस या प्रोग्रामरने, वरिष्ठांना फारसे न विचारता, चौघांनी एकाच पडद्याचे चार भाग करून एकमेकांशी लढण्याचा प्रकार जोडला. तारखेचा काच असता, तर याला वाव मिळालाच नसता. शेजाऱ्याचा चौकोन चोरून पाहणे आणि बुटका असल्याने नेमात न सापडणाऱ्या ऑडजॉब या पात्राला निवडल्यावरून होणारी भांडणे ही पुढे त्या पिढीची सामाईक आठवण झाली. बाँडची भूमिका केलेल्या जुन्या अभिनेत्यांचे चेहरेही या लढतीत घेण्याचा बेत होता, पण हक्कांच्या कारणाने ते काढावे लागले. बंदुकांची खरी नावेही बदलली गेली. त्यांपैकी ‘क्लॉब’ हे नाव निंटेंडोच्या केन लॉब यांच्यावरून ठेवले गेले. खेळातली ती सर्वांत कुचकामी बंदूक निघाली, हा मान म्हणावा की चेष्टा, कोण जाणे.

१९९८ मध्ये खेळाला बाफ्टा हा ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाँडचे हक्क मात्र इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीकडे गेले आणि रेअरने तेच तंत्र वापरून २००० मध्ये ‘परफेक्ट डार्क’ हा स्वतःच्या कथेचा खेळ काढला. तोवर चमूतले डेव्हिड डोक, एलिस आणि इतर काही जणांनी बाहेर पडून फ्री रॅडिकल डिझाइन ही कंपनी काढली होती. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेअर विकत घेतल्यावर या खेळाच्या हक्कांचा गुंता आणखीच वाढला : यंत्र एकाचे, कंपनी दुसऱ्याची, बाँड तिसऱ्याचा. एक्सबॉक्स ३६० साठी जवळजवळ पूर्ण झालेली नवी आवृत्ती याच गुंत्यात अडकून रद्द झाली. अखेर जानेवारी २०२३ मध्ये मूळ खेळ निंटेंडो स्विच आणि एक्सबॉक्स या दोन्हींवर एकाच दिवशी परतला, पण तोही वाटणी होऊन : ठसठशीत चित्र एक्सबॉक्सच्या वाट्याला आले आणि इंटरनेटवरून एकमेकांशी लढण्याची सोय फक्त स्विचच्या.