मुळाखाली अधिक की गुणिले? लॉग घेण्याआधी एवढं बघा

लॉगचे नियम तुम्हाला येतात असं धरतो. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, वर्गमूळ आलं की पुढे १/२. तिथे वेळ घालवत नाही.

आता ही दोन पदं बघा:

√(६√(६√(६…)))
√(६ + √(६ + √(६ + …)))

पहिल्याची किंमत ६, दुसऱ्याची ३. पाया ६ घेतला तर पहिल्याचा लॉग १ आणि दुसऱ्याचा साधारण ०.६१३. तरीही दुसऱ्यापुढे बिनदिक्कत १ लिहिलेला सारखा दिसतो.

पहिल्या पदात मुळाखाली गुणाकार आहे, म्हणून लॉग आत आत शिरू शकतो. बाहेरच्या ६ च्या वाट्याला १/२ येतो, त्याच्या आतल्याला १/४, मग १/८. या अनंत भूमितीय श्रेढीची बेरीज १. दुसऱ्या पदातही पहिला १/२ बाहेर काढणं बरोबरच आहे. घोळ त्यानंतर होतो. आता लॉगखाली बेरीज आहे, आणि बेरजेचा लॉग फोडायचा नियमच नाही! लॉग(६ + √…) चं ‘लॉग ६ + लॉग √…’ केलंत की अधिकच्या जागी तुम्ही गुणिले लिहिलंत. मग उत्तरही पहिल्या पदाचंच येणार.

म्हणून बेरीज असेल तिथे लॉग सगळ्यात शेवटी. आधी किंमत काढा: क्ष = √(६ + क्ष), म्हणजे क्ष² − क्ष − ६ = ०. उकली ३ आणि −२. वर्गमूळ ऋण नसतं, म्हणून ३. मग पाया ९ दिला असेल तर लॉग सरळ १/२.

क्ष मानायचा तर अशी किंमत मुळात असायला हवी, हे बहुतेक जण गाळतात आणि मला ते खटकतं. एकेक मूळ वाढवत गेलं की २.४४९, २.९०७, २.९८४ असे आकडे येतात. ते वाढत जातात, पण ३ ओलांडत नाहीत, कारण आतली संख्या ३ हून लहान असेल तर ६ मिळवूनही ९ च्या आतच राहते.

‘६ = ३ × २, अधिक असेल तर मोठा अवयव’ ही युक्ती मात्र मी कुणाला शिकवणार नाही. ६ च्या जागी ५ आला की उत्तर (१ + √२१)/२, आणि अवयव शोधणारा तिथेच अडकतो.

शेवटी ठिपके नसतील तर गुणाकाराच्या पदाचा पाया ६ चा लॉग तीन मुळांना ७/८, चार मुळांना १५/१६. बेरजेच्या पदात आतून बाहेर एकेक मूळ काढत यायचं.