घाबरायचंय, वैतागायचं नाही

कुठल्याही इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र चमूने केलेल्या, सर्व्हायव्हल हॉरर गेमवरची (तुटपुंज्या साधनांवर जीव वाचवायचा भीतीचा खेळ) खेळाडूंची मतं सलग वाचत गेलं, की एक गंमत हमखास दिसते. एक जण लिहितो, गोळ्या पुरत नाहीत, सामान ठेवायला जागा नाही, सेव्ह करायला अर्धा नकाशा परत चालत यावं लागतं, कंटाळून गेम सोडून दिला. त्याच्या खालचा लिहितो, गोळ्या पुरत नाहीत, जागा नाही, सेव्ह लांब आहे, म्हणून तर पाठीतून शिरशिरी गेली, असा गेम कित्येक वर्षांत खेळलो नव्हतो. दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतायत आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे. हा वाद या प्रकाराइतकाच जुना आहे. गेल्या पंधरा वर्षांत त्याने गेम बनवणाऱ्यांना निर्णय फिरवायलाही भाग पाडलंय, म्हणून त्याची पार्श्वभूमी नीट समजून घेण्यासारखी आहे.

सुरुवात टंचाईपासून करावी लागते. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८९ मध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती गेमयंत्रासाठी 'स्वीट होम' काढला. पाच माणसं, एक पछाडलेला वाडा, आणि त्यातलं एखादं मेलं की कायमचं गेलं. १९९२ मध्ये इन्फोग्राम्सचा 'अलोन इन द डार्क' आला, १९९५ मध्ये 'क्लॉक टॉवर'. या तिसऱ्या गेममध्ये भली मोठी कात्री घेतलेला एक जण मागे लागतो आणि आपण फक्त पळायचं, लपायचं. कॅपकॉमने पुढे 'स्वीट होम'चीच नवी आवृत्ती करायला घेतली आणि त्यातून १९९६ चा 'रेसिडेंट ईव्हिल' उभा राहिला. दिग्दर्शक शिंजी मिकामी. 'सर्व्हायव्हल हॉरर' हे नाव रुळलं ते या गेममुळे.

त्यातली सेव्ह करायची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. टाइपरायटर सापडला तरी सेव्ह करता येत नाही, त्यासाठी शाईची रिबन लागते, आणि रिबन मोजक्याच. क्रिस म्हणून खेळलात तर खिशात सहा वस्तू मावतात, जिल म्हणून खेळलात तर आठ. आता दोन रिबन उरल्यात, पुढच्या बोळात काय आहे माहीत नाही, सेव्ह करायचं की अजून थोडं पुढे जायचं? झॉम्बी पडद्यावर नसतानाही पोटात गोळा येतो तो या हिशोबाने. आणि हाच हिशोब चुकून अर्ध्या तासाचा खेळ वाया गेला, की त्या गोळ्याचा संताप व्हायला क्षणही लागत नाही. भीती आणि वैताग एकाच विहिरीतून येतात. या प्रकारातला प्रत्येक बरावाईट निर्णय त्या विहिरीच्या काठावर घेतलेला असतो, असं माझं मत आहे.

मोठ्या कंपन्यांनी काय केलं, तर हळूहळू विहीरच बुजवली. २००५ चा 'रेसिडेंट ईव्हिल ४' अप्रतिम होता, त्याबद्दल दुमत नको, पण त्याने मारधाडीचं दार सताड उघडलं. २०१२ च्या सहाव्या भागात स्फोट आणि हाणामारी इतकी झाली, की जुने चाहते उघड नाराज झाले. २०१३ च्या 'डेड स्पेस ३' मध्ये तर सगळ्या बंदुकांना एकच गोळी चालू लागली. कुठली गोळी कुठल्या शत्रूसाठी राखायची हा प्रश्नच मिटला, आणि प्रश्नाबरोबर धाकधूकही गेली.

ही जागा भरून काढली ती छोट्या चमूंनी. स्वीडनमधल्या फ्रिक्शनल गेम्सने २००७ मध्ये 'पेनम्ब्रा: ओव्हर्चर' काढला. त्यात हातोडा, कुदळ वगैरे फिरवून लढता यायचं. ती लढाई अवघडलेली होती आणि बहुतेकांना रुचली नाही. २००८ च्या पुढच्या भागात, 'ब्लॅक प्लेग'मध्ये, शस्त्रं काढून टाकली गेली. २०१० च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या 'ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट'ने तोच धागा टोकाला नेला. हातात काही नाही. एक कंदील, त्याचं संपत जाणारं तेल, भिंतीवरच्या मशाली पेटवायला थोड्या काडेपेट्या. अंधारात उभं राहिलं की मनाचा तोल ढळतो. उजेडात उभं राहिलं की आपण राक्षसाला दिसून जातो. राक्षसाकडे टक लावून पाहायचीही सोय नाही, कारण त्यानेही तोल जातो.

पाण्याने भरलेल्या तळघराचा भाग ज्यांनी खेळलाय ते तो विसरणार नाहीत. तिथला प्राणी दिसतच नाही. पाण्यावर फक्त पावलांचे शिंतोडे उडतात आणि ते आपल्या दिशेने येत असतात. आपण एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उडी मारायची, पाय घसरला की धावायचं. समोर दार. हे दार एक बटण दाबून उघडत नाही, माउसने धरून ओढावं लागतं, आणि घाईत नेमकं उलट्या बाजूला ढकललं जातं. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा ते दार तीनदा माझ्याच अंगावर बंद केलं होतं. चौथ्यांदा ते उघडलं तेव्हा हाताला घाम सुटला होता, पण राग आला नव्हता.

राग का आला नाही, याचं उत्तर गेमच्या पोटात आहे. एकदा मेल्यावर परत तिथे गेलं, की राक्षस बऱ्याचदा त्याच जागी नसतो, कधी तर नसतोच. तोच प्रसंग पाचव्यांदा खेळणारा माणूस घाबरत नाही, तो पाठांतर करत असतो, हे बनवणाऱ्यांनी ओळखलं होतं. सुरुवातीलाच पडद्यावर सूचना येते, की हा गेम जिंकण्यासाठी खेळू नका, त्यात बुडून जा.

मग यूट्यूबवाले आले. प्यूडीपाय, मार्किप्लायर यांच्यासारख्यांनी 'ॲम्नेशिया' खेळताना मारलेल्या किंकाळ्या लाखोंनी पाहिल्या. जून २०१२ मध्ये आलेला 'स्लेंडर: द एट पेजेस' फुकट होता, एका रात्रीचं जंगल आणि गोळा करायची आठ पानं एवढाच त्याचा जीव, तरी तो सगळीकडे पसरला. २०१३ मध्ये माँट्रियलच्या रेड बॅरल्सने 'आउटलास्ट'मध्ये कंदिलाच्या जागी बॅटरी संपणारा व्हिडिओ कॅमेरा दिला. यांची नक्कल करणारे इतके निघाले, की खेळाडूंची भाषाच बदलली. 'पळा आणि लपा' हे पूर्वी वर्णन होतं, ते आता टोमणा झालं. कपाटात बसून राक्षस निघून जायची वाट पाहण्यात थरार कमी आणि ताटकळणं जास्त, अशी तक्रार वाढली. जंपस्केअर, म्हणजे अचानक अंगावर येणारा धक्का, स्वस्तातली भीती मानला जाऊ लागला. हे दुसरं मत मला अर्धंच पटतं. धक्का वाईट नसतो, त्याआधीचा ताण बांधलेला नसेल तर तो पोकळ वाटतो.

याचा पुरावा २०१४ मधलाच आहे. स्कॉट कॉथन यांनी त्याआधी लहान मुलांसाठी एक साधा गेम केला होता. त्यातली पात्रं यंत्रासारखी हलतात, नकळत भीतीदायक वाटतात, अशी टीका झाली. ते खचले. मग त्यांनी ठरवलं, की ही पात्रं भीतीदायक वाटतातच, तर मुद्दाम भीतीदायक करू. त्यातून 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' आला. एक खुर्ची, दोन दारं, काही कॅमेरे, सकाळी सहापर्यंत पुरवायची वीज. धक्का शेवटी येतोच, पण त्याआधीची मिनिटं विजेचा आकडा पाहण्यात जातात. वाईट रिव्ह्यूतून एवढं मोठं काही उभं राहिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

खेळाडूचं मत बनवणाऱ्यापर्यंत पोचण्याची वाटही याच काळात रुंद झाली. स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात ऑगस्ट २०१२ मध्ये ग्रीनलाइट सुरू झालं आणि कुठला गेम विक्रीला यावा यावर खेळाडू मत देऊ लागले. २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेस, म्हणजे अपुरा गेमच विकायला काढायची सोय, आलं, त्याच वर्षी युझर रिव्ह्यू. आता अंगठा वर की खाली हे प्रत्येक विकत घेणारा सांगू शकत होता, आणि त्याच्या शेजारी त्याने किती तास खेळलं तेही दिसत होतं. वाचणाऱ्याने हे तास आधी पाहावेत. चाळीस मिनिटांत आलेला शिव्याशाप आणि तीस तासांनंतरची तक्रार यांचं वजन वेगळं असतं.

जून २०१५ पासून स्टीमवर, घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येऊ लागला. ग्राहकासाठी ही चांगलीच सोय. पण छोटा हॉरर गेम अनेकदा दीड-दोन तासांचाच असतो, कारण भीती त्याहून लांब ताणली की विरते. ऑगस्ट २०२१ मध्ये 'समर ऑफ ५८' या गेमच्या निर्मात्याने, म्हणजे एमिका गेम्सने, जाहीर केलं की आपण अनिश्चित काळासाठी हे काम थांबवतोय. रिव्ह्यू चांगले होते, पण गेम दोन तासांच्या आत संपायचा आणि पुष्कळांनी तो संपवून परत केला होता. आवडला असं लिहून पैसे परत मागणं नियमात बसतं, तरी मला ते आजही बोचतं.

फ्रिक्शनलकडे पुन्हा येतो, कारण खेळाडूंच्या मतांनी काय घडतं हे सगळ्यात स्वच्छ तिथेच दिसतं. २०१३ मध्ये 'ॲम्नेशिया: अ मशीन फॉर पिग्ज' आला. बनवला होता द चायनीज रूमने. त्यांनी वस्तू साठवणं, मनाचा तोल, कंदिलाचं तेल, सगळं काढून टाकलं आणि कथेवर भर दिला. लेखन सुंदर होतं. पण कंदील कायम पेटता राहणार हे कळल्यावर अंधाराची धास्ती उरली नाही, आणि पहिल्या भागाचे चाहते दुभंगले.

२०१५ च्या 'सोमा'मध्ये वाद उलट्या बाजूने आला. समुद्राच्या तळाशी असलेलं पाथोस-२ हे केंद्र, आणि माणूस म्हणजे नक्की कोण हा प्रश्न. खेळाडू या प्रश्नाने अक्षरशः हलले. पण अनेकांनी लिहिलं, की विचारात गुंतलेलो असताना मध्येच एखादा राक्षस येतो आणि लपाछपी खेळायला लावतो. काही जणांनी तर लगेच मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेला बदल, तयार केला, ज्यात राक्षस हल्ला करत नाहीत. 'भित्र्यांचा मोड' अशा अर्थाचं त्याचं नाव होतं. डिसेंबर २०१७ मध्ये फ्रिक्शनलने स्वतःच सेफ मोड दिला. राक्षस तिथेच वावरतात, पण जीव घेत नाहीत. काहींना वाटलं, गेमचे दात काढले. मला वाटतं, त्या गेमची भीती राक्षसांत कधी नव्हतीच, शेवटच्या खोलीत होती, आणि सेफ मोडमुळे ती खोली कितीतरी जास्त लोकांनी पाहिली.

पोलंडमधल्या ॲसिड विझार्ड स्टुडिओचा 'डार्कवुड' तीन वर्षं अर्ली ॲक्सेसमध्ये राहून ऑगस्ट २०१७ मध्ये पूर्ण झाला. वरून दिसणारं जंगल, आपल्या नजरेच्या पट्ट्यापलीकडे काय आहे ते कळत नाही, आणि रात्री खिडक्यांना फळ्या ठोकून घरात बसायचं. जंपस्केअरवर तो विसंबत नाही. बाहेरून फळ्यांवर होणारा आवाज पुरतो. प्रकाशनानंतर काहीच दिवसांत बनवणाऱ्यांनी स्वतःच त्याचा टोरेंट, म्हणजे फुकट उतरवून घ्यायची प्रत, टाकला, ज्यांना परवडत नाही त्यांनी खेळावा म्हणून.

त्यानंतरची लाट जुन्या प्लेस्टेशनच्या खडबडीत रूपाची. जर्मनीतल्या दोघांच्या रोझ-इंजिनने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'सिग्नालिस' आणला आणि क्रिसचा सहा वस्तूंचा खिसा परत आला. त्यात टॉर्चसुद्धा एक जागा खायचा. चाहत्यांनी गेम डोक्यावर घेतला आणि त्याच दमात या सहा जागांवर सर्वाधिक तक्रारी केल्या. पुढच्या अपडेटमध्ये मर्यादा सैल करायचा पर्याय आला, मूळ सहा जागाही ठेवल्या. २०२४ च्या 'क्रो कंट्री'ने तर शत्रूच नसलेला मोड पहिल्या दिवसापासून दिला. 'फॅस्मोफोबिया' (२०२०) आणि 'लीथल कंपनी' (२०२३) यांची वाट निराळी, तिथे मित्रांसोबत घाबरायचं असतं आणि मतंही मित्रांच्या गप्पांसारखीच येतात.

जून २०२३ मध्ये फ्रिक्शनलचा 'ॲम्नेशिया: द बंकर' आला. पहिल्या महायुद्धातला एक फ्रेंच सैनिक, बंद बंकर, भिंतीआड फिरणारं जनावर. तेरा वर्षांनी फ्रिक्शनलने 'ॲम्नेशिया'च्या हातात पिस्तूल दिलं, मोजक्या गोळ्यांसकट. सेव्ह एकाच सुरक्षित खोलीतल्या कंदिलापाशी. जनरेटरला इंधन घातलं तर दिवे, नाहीतर दोरी ओढून चालवायचा टॉर्च, आणि ती दोरी ओढली की घर्रर्र आवाज होतो. त्या आवाजाने जनावर येतं. अंधारात उभं राहून दोरी ओढू की नको असं ठरवतानाचे ते चार सेकंद म्हणजे १९९६ ची शाईची रिबनच.

यावेळीही मतं ठरल्याप्रमाणे फुटली. इंधनाचं घड्याळ कोणाला जीवघेणं सुंदर वाटलं, कोणाला त्यामुळे निवांत शोधाशोध करता येईना. ऑक्टोबर २०२३ च्या अपडेटमध्ये दोन्ही गटांसाठी काहीतरी आलं. एक आणखी खडतर मोड, आणि एक कस्टम मोड, ज्यात काय सोपं आणि काय कठीण ठेवायचं हे खेळणाऱ्यानेच ठरवायचं.