हवा नसलेल्या टाकीत हार्मोनचं काय होतं?

गेल्या मे महिन्यात मालवणजवळच्या आमच्या घरी नवी सेप्टिक टँक बांधायचं ठरलं. खड्डा कुठे घ्यायचा यावरून काका आणि गवंडी यांची तासभर जुंपली. काकांना फणसाखालची जागा सोयीची वाटत होती. गवंडी मान हलवत म्हणाला, "बावीपासून लांब घेवया, नायतर पाण्याक वास येतलो." शेवटी त्याचंच ऐकलं, विहिरीपासून लांब जागा घेतली. पण टाकीतून ज्याला वास नाही असंही काही बाहेर पडतं, आणि तिथे गवंड्याचं नाक कामाचं नाही.

मी म्हणतोय ते हार्मोनबद्दल, त्यातही इस्ट्रोजेनबद्दल. बाईच्या शरीरातून ते रोज बाहेर पडतं, पुरुषाच्याही पडतं, आणि गरोदर बाईच्या लघवीत तर त्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. गोठ्यातली गाभण गायही यात मागे नसते. याखेरीज गर्भनिरोधक गोळी आहे. माला-डीच्या एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असतं. हा रेणू १९३८ साली बर्लिनमध्ये, शेरिंग कंपनीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झाला. सगळं पाप गोळीच्या माथी मारणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. मला ते अर्धवट वाटतात. वजनाने पाहिलं तर सांडपाण्यात नैसर्गिक इस्ट्रोजेनच जास्त असतं. गोळीतलं इस्ट्रोजेन कमी असतं, पण ते फार चिवट आणि जहाल असतं.

शरीर हे हार्मोन मोकळं सोडत नाही. यकृत त्याला साखरेपासून बनलेल्या एका आम्लाची किंवा सल्फेटची शेपटी जोडतं. त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळतं आणि निष्क्रिय होतं. पण आपल्याच आतड्यातले ई. कोलाय जीवाणू मैल्याबरोबर टाकीत येतात, आणि त्यांच्याकडे ती साखरेची शेपटी तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. यकृताने घातलेलं कुलूप टाकीत उघडतं आणि हार्मोन पुन्हा जागं होतं.

प्रमाण किती, तर लिटरमागे काही नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे किती हे असं पाहा: दहा हजार लिटरचे एक लाख टँकर भरा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम हार्मोन टाका. एवढ्याशाने काय होणार, असं कुणालाही वाटेल. कॅनडातल्या संशोधकांनी ते करूनच पाहिलं. ऑन्टारिओत प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे त्यांनी गोळीतलं इस्ट्रोजेन सोडलं, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांच्या शरीरात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, काहींच्या वृषणात अंडी दिसू लागली, आणि बघता बघता त्या तळ्यातून हा मासा जवळजवळ नाहीसा झाला. त्याआधी इंग्लंडमध्ये सांडपाणी केंद्रांच्या खालच्या अंगाला नदीत पिंजऱ्यात ठेवलेल्या नर ट्राउटांमध्येही हेच प्रथिन सापडलं होतं. आपल्याला जवळचं उदाहरण हवं असेल तर बोय हा मासा घ्या. आपल्या खाडीतल्या बोयीचे भाईबंद स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरच्या खाड्यांत राहतात, आणि तिथे अर्धे नर, अर्धे मादी असलेले मासे नोंदले गेले आहेत.

आता टाकीत उतरू. आत प्राणवायू नसतो. तिथे राज्य चालतं हवेशिवाय जगणाऱ्या, म्हणजे विनॉक्सी जीवाणूंचं. मैल्यातले स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, पिठूळ भाग ते फोडतात आणि शेवटी मिथेन बनवतात. हे काम त्यांच्याइतकं स्वस्तात कुणी करत नाही: हवा फुंकायला वीज लागत नाही, गाळ कमी होतो, वर गॅस मिळतो. नेदरलँड्सच्या गॅट्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात याच तत्त्वावर खालून वर वाहणारी टाकी विकसित केली, आणि १९८९ साली कानपूरला तशी एक मोठी टाकी सुरूही झाली. आपल्याकडची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढून वापरला जात होता.

हार्मोनपुढे मात्र ही मंडळी अडखळतात. इस्ट्रोजेनच्या रेणूत चार कडी असतात, आणि पहिलं कडं बेंझिनसारखं, विलक्षण स्थिर असतं. उघड्या हवेतले जीवाणू प्राणवायूचा अणू घुसवून ते कडं फोडतात. बंद टाकीत तो हातोडाच नसतो. मग तिथले जीवाणू फार तर इस्ट्रॅडिऑलचं इस्ट्रोन करतात; दोन्ही नैसर्गिक इस्ट्रोजेनचेच प्रकार. इस्ट्रोन सौम्य असतं, पण परिस्थिती बदलली की त्याचं पुन्हा इस्ट्रॅडिऑल होऊ शकतं. म्हणजे चोर पकडलेला नसतो, त्याने नुसता सदरा बदललेला असतो. गोळीतल्या रेणूचं तर विचारूच नका. यकृताला तो लवकर पचवता येऊ नये म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याला एक जादा फांदी लावली. तीच फांदी जीवाणूंनाही आडवी येते. विनॉक्सी गाळात हा रेणू वर्षानुवर्षं ठेवला तरी जवळपास जसाच्या तसा राहतो.

मग टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्यात हार्मोन थोडं कमी का भरतं? कारण ते तेलकट स्वभावाचं असतं, गाळाला चिकटून तळाशी बसतं. कागदावर याला ‘निर्मूलन’ म्हणतात. माझ्या मते तो शब्द फसवा आहे.

इथे एका जीवाणूची गंमत सांगायलाच हवी. डेनिट्रॅटिसोमा या कुळातला एक जीवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वास घेतो. इस्ट्रोजेनचं कडं तो फोडत बसत नाही. ब जीवनसत्त्वांतल्या बी-१२ च्या मदतीने तो त्या कड्याला एक मिथिल गट, म्हणजे एका कार्बनचा छोटा तुकडा, चिकटवतो. तेवढ्याने कड्याची स्थिरता मोडते आणि इस्ट्रोजेनचं पुरुषी हार्मोन होतं! पुढे त्याचे तुकडे करणं सोपं जातं. आपल्या शरीरात बरोबर याच्या उलट घडतं: तोच मिथिल गट काढून टाकून पुरुषी हार्मोनपासून इस्ट्रोजेन बनतं. तैवानच्या संशोधकांनी हे २०२० मध्ये उलगडून दाखवलं. अडचण एवढीच की त्याला नायट्रेट लागतं, आणि घरच्या सेप्टिक टँकमध्ये नायट्रेट जवळपास नसतं. हवेशी गाठ पडलेलं थोडं पाणी मागे फिरवून आणलं तरच ते मिळतं.

म्हणून टाकीनंतर हवा हवीच. शहरातल्या हवा फुंकणाऱ्या केंद्रात गाळ दहा दिवसांहून जास्त मुरू दिला, तर नैसर्गिक इस्ट्रोजेन बरंचसं संपतं. घरासाठी वाळू-खडीचा कर्दळ लावलेला वाफा पुरतो. पाणी वरून थोडं थोडं सोडायचं आणि मध्ये वाफा सुकू द्यायचा, म्हणजे हवा आत शिरते. गोबरगॅसच्या स्लरीलाही हेच लागू आहे. तिच्यात गाईचं हार्मोन शिल्लक असतं, पण माडा-पोफळीच्या आळ्यात पातळ पसरली तर हवेशीर मातीतले जीवाणू काही दिवसांत ते खाऊन टाकतात. मृगाच्या तोंडावर वहाळाच्या कडेला ओतली तर ती थेट खाडीत जाते.

कोकणात आणखी एक पंचाईत म्हणजे जांभा. तो भोकाभोकांचा. पाणी त्यात मुरत नाही, पळतं, आणि मातीला गाळायला वेळच मिळत नाही. वर्षाला तीन हजार मिलीमीटर पाऊस. श्रावणात विहिरीचं पाणी शोषखड्ड्याच्या तळाला येऊन टेकतं. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब असावा असं भारतीय मानक सांगतं, पण ते साध्या मातीसाठी. जांभ्यात त्याहून लांब गेलेलं बरं. सांडपाण्याच्या आपल्या नियमांत हार्मोनसाठी मर्यादाच नाही. युरोपने मात्र इस्ट्रोन, इस्ट्रॅडिऑल आणि गोळीतलं इस्ट्रोजेन २०१५ मध्येच नजर ठेवायच्या यादीत घातलं.

आम्ही टेप लावून मोजलं. बावीपासून बहात्तर फूट भरलं. काका अजून कुरकुरतात. टाकी आणि शोषखड्डा यांच्यामध्ये कर्दळीचा वाफा करून घेतला. गवंड्याला ती हौस वाटली, पण त्याने केला.

जुनी टाकी बुजवायच्या आधी उपसून घेतली. वीस वर्षांचा गाळ होता, आणि त्याला चिकटलेलं सगळं. नळी गुंडाळणाऱ्या पोराला मी विचारलं, हे नेऊन कुठे ओतता? "आसा एक जागा," तो म्हणाला, आणि टँकर खाडीच्या रस्त्याला लागला.