काळ्या पाषाणातली उघड्यावरची शिल्पे : पुण्याची पार्श्वभूमी

पुणे आणि परिसरात उघड्यावर दिसणारी बहुतेक जुनी शिल्पे काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत जाऊन दख्खनचे पठार घडले, तोच हा दगड. मात्र सगळे थर सारखे नसतात. काहींत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत पुढे पांढरी खनिजे साचली. अशा दगडात रेघ सरळ चालत नाही, म्हणून पाथरवट घट्ट, एकजीव दगड निवडतो आणि तो हातोडीखाली खणखणीत वाजतो की बद्द, हे कानाने पारखतो. घरोघरची जाती आणि पाटे-वरवंटेही याच दगडाचे. कर्नाटकातल्या होयसळ मंदिरांच्या मऊ दगडात जाळीसारखे बारीक काम जमते. इथला कातळ तेवढे सहज देत नाही, पण भरीव, ठसठशीत आकार मात्र पावसापाण्यात शतकानुशतके धरून ठेवतो.

जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट काळातले मानले जाते. त्याच्या अंगणातला छत्रीसारखा गोल नंदीमंडप आभाळाखालीच उभा आहे.

राजाश्रयाच्या अशा कामांहून मला वीरगळ अधिक जवळचे वाटतात. यादवकाळात आणि त्याच्या आगेमागे गावासाठी किंवा गुरांसाठी लढताना पडलेल्या माणसांचे हे स्मारकदगड जिल्ह्यातल्या अनेक देवळांबाहेर आढळतात. ते खालून वर वाचायचे असतात: तळाशी पडलेला वीर, त्यावर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि कडेला चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही कीर्ती टिको.

पेशवाईत शनिवारवाड्याचा पाया आणि तळमजला दगडात आणि वरचे बांधकाम विटांत झाले. कोरीव दगडाचा खरा थाट मात्र सोमवार पेठेत, नागझरीकाठच्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर पाहावा. १७५४ ते १७७० या काळात बांधलेल्या या मंदिराच्या भिंतीवर द्वारपाल आणि पशुपक्ष्यांच्या गर्दीत साखळदंडाने जखडलेला गेंडा आहे आणि त्याला जखडणारे शिपाई युरोपीय वेशातले आहेत. गेंडा हा बंगाल-आसामकडचा प्राणी, आणि १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर बंगाल ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत गेला, म्हणून अभ्यासक या शिल्पात ती घटना पाहतात. चालू काळाची इतकी ताजी नोंद देवळाच्या भिंतीवर क्वचितच सापडते, आणि ती उघड्या रस्त्यासमोर आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

विसाव्या शतकात सार्वजनिक पुतळ्यांसाठी ब्राँझ आले. शिवाजीनगर परिसरातला, शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा १९२८ सालचा आहे. जुन्या पाषाणशिल्पांचे आज नुकसान होते ते पावसापेक्षा ऑइलपेंटने आणि शेंदराच्या थरांनी. रंग खाचांत बसतो आणि वीरगळावरच्या घोड्याचा लगाम, ढालीची कड, अप्सरेचा हात हे सगळे एकाच केशरी फुगवट्यात बुडून जाते.