‘पॅनजँड्रम’ : स्मरणशक्तीच्या पैजेतून जन्मलेला शब्द

स्वतःला फार मोठे समजणाऱ्या, अधिकाराचा तोरा मिरवणाऱ्या माणसाला मराठीत ‘टिकोजीराव’ म्हणतात. इंग्रजीत अशा माणसासाठी एक जुना, गमतीदार शब्द आहे : ‘पॅनजँड्रम’. पुष्कळदा त्याच्यामागे ‘ग्रँड’ किंवा ‘ग्रेट’ हे विशेषण जोडले जाते आणि थोरवीचा आव अधिकच ठळक होतो. कानाला हा शब्द लॅटिन वाटतो, पूर्वेकडच्या एखाद्या दरबारी किताबासारखाही वाटतो. पण त्याला कोणताही धातू नाही आणि तो कुठल्याही परभाषेतून आलेला नाही. तो घडवला गेला तोच मुळी अर्थ नसावा म्हणून, आणि त्यामागची हकिकत अठराव्या शतकातील लंडनच्या रंगभूमीशी निगडित आहे.

चार्ल्स मॅकलिन हा त्या काळचा नामवंत आयरिश नट. १७४१ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याने साकारलेला शायलॉक, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकातला सावकार, फार गाजला होता. पुढे रंगभूमीवरून निवृत्ती घेऊन १७५४ मध्ये त्याने कॉव्हेंट गार्डन भागात भोजनगृह आणि कॉफीगृह थाटले. तेथे तीन शिलिंगांत जेवण मिळे, स्वतः मॅकलिन उंची पोशाखात देखरेख करी आणि वाढप्यांना तोंडाने न बोलता केवळ खुणांनी हुकूम सोडी. जेवणानंतर ‘ब्रिटिश इन्क्विझिशन’ या भारदस्त नावाखाली त्याची व्याख्याने होत. विषय प्राचीन नाटकांपासून शेक्सपिअरपर्यंत काहीही असे आणि श्रोत्यांनाही चर्चेत भाग घेता येई.

या श्रोत्यांत सॅम्युएल फूट हा नट आणि नाटककार असे. माणसांच्या हुबेहूब नकला करण्यात त्याचा हातखंडा होता. १७३७ च्या परवाना कायद्यामुळे मोजक्याच नाट्यगृहांना नाटके करण्याची मुभा उरली होती, तेव्हा प्रेक्षकांना चहा किंवा चॉकलेट घेण्याचे निमंत्रण देऊन त्या निमित्ताने आपला खेळ सादर करणारा तो हाच. सांगतात ते असे : अभिनयाच्या अभ्यासाने आपली स्मरणशक्ती इतकी तयार झाली आहे की कोणताही मजकूर एकदा ऐकला की आपण तो जसाच्या तसा म्हणून दाखवू शकतो, अशी फुशारकी मॅकलिनने एका व्याख्यानात मारली, आणि फूटने तेथल्या तेथे रचलेला मजकूर त्याच्यापुढे ठेवला.

तो मजकूर मराठीत साधारण असा होईल : “म्हणून ती सफरचंदाचा ‘पाय’ हा गोड पदार्थ करण्यासाठी कोबीचे पान कापायला बागेत गेली, आणि त्याच वेळी रस्त्याने येणाऱ्या एका थोराड अस्वलिणीने दुकानात डोके घातले. ‘काय! साबण नाही?’ म्हणून तो मेला, आणि तिने अगदी अविचाराने न्हाव्याशी लग्न केले.” त्या लग्नाला काही विचित्र नावांची मंडळी हजर असतात आणि त्यांत “डोक्यावर छोटे गोल बटण असलेले खुद्द ग्रँड पॅनजँड्रम” असतात. मग बुटांच्या टाचांतून बंदुकीची दारू गळून संपेपर्यंत सगळे पकडापकडी खेळतात.

या रचनेतले कौशल्य लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. प्रत्येक वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, ‘म्हणून’ आणि ‘त्याच वेळी’ हे शब्द जागच्या जागी आहेत, पण कारण आणि कार्य यांचा कुठेच मेळ नाही. स्मरणशक्ती अर्थाच्या धाग्याला धरून चालते आणि फूटने नेमका तोच धागा काढून घेतला. मॅकलिनने म्हणे तो मजकूर पाठ म्हणण्यास साफ नकार दिला. भोजनगृहाचा व्यवसायही टिकला नाही. १७५५ च्या आरंभी त्याचे दिवाळे निघाले.

हकिकत रंगतदार असली तरी तिचा छापील पुरावा बराच उशिराचा आहे, हे नोंदवणे आवश्यक आहे. हा उतारा १८२५ मध्ये मारिया एजवर्थ यांच्या ‘हॅरी अँड लूसी कन्क्लूडेड’ या मुलांसाठीच्या पुस्तकात आला, म्हणजे मूळ प्रसंगानंतर सुमारे सत्तर वर्षांनी. तोपर्यंत तो तोंडी किंवा हस्तलिखितांतून फिरत राहिला असणार, त्यामुळे त्यातील प्रत्येक शब्द फूटचाच असेल असे मानणे मला धाडसाचे वाटते. मिरवणाऱ्या माणसासाठी सामान्यनाम म्हणून हा शब्द रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८८५ मध्ये चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांनी याच उताऱ्यावर ‘द ग्रेट पॅनजँड्रम हिमसेल्फ’ हे चित्रपुस्तक केले आणि त्या अगम्य पात्राला झगा व चौकोनी टोपी घातलेल्या पंडिताचे रूप दिले. उताऱ्यातले डोक्यावरचे बटण म्हणजे अशा टोपीच्या माथ्यावरचे बटण, हा उलगडा त्यातून फार सुंदर होतो.

फूटच्या लेखणीचा एक धागा आपल्याकडेही पोहोचतो. १७७२ मध्ये हेमार्केट नाट्यगृहात त्याने ‘द नेबॉब’ हे नाटक आणले. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात गडगंज पैसा करून मायदेशी परतलेल्या आणि तेथे मानमरातब विकत घेऊ पाहणाऱ्या इंग्रजांवर ती जळजळीत टीका होती. इंग्रजीतला ‘नेबॉब’ म्हणजे आपला ‘नबाब’, आणि तोही तेथे बड्या प्रस्थांसाठीच वापरला जातो.

दुसऱ्या महायुद्धात ‘पॅनजँड्रम’ हे नाव पुन्हा वर आले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील जर्मन काँक्रीटच्या भिंती फोडण्यासाठी ब्रिटिश नौदलाच्या एका संशोधन विभागाने दहा फूट व्यासाची दोन प्रचंड लाकडी चाके, मधल्या पिंपात टनाहून अधिक स्फोटके आणि चाकांच्या कडेने ती फिरवणारे अग्निबाण अशा यंत्राची योजना आखली. कादंबरीकार आणि अभियंता नेव्हिल शूट या कामात होते. यंत्राला ‘ग्रेट पॅनजँड्रम’ असे नाव मिळाले. उताऱ्यातल्या गळणाऱ्या दारूशी ते चांगले जुळते. १९४३ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ‘वेस्टवर्ड हो!’ नावाच्या किनाऱ्यावरील गावी वाळूवर चाचण्या झाल्या. प्रत्येक वेळी काही अग्निबाण निखळत आणि चाके भलत्याच दिशेला वळत. १९४४ च्या जानेवारीत अधिकाऱ्यांसमोर झालेल्या अखेरच्या चाचणीत ते यंत्र छायाचित्रकाराच्या रोखाने वळले, पाहणाऱ्यांना जीव घेऊन पळावे लागले, आणि शेवटी ते वाळूत आडवे होऊन मोडून पडले.