धुण्याच्या टाकीची भेग आणि काळी माती

अमळनेरकडच्या आमच्या घरामागे धुण्याची सिमेंटची टाकी आहे. एका अंगाला धुण्याचा दगड, वर निंबाची सावली. तिच्या कोपऱ्यातून तिरपी भेग खाली उतरली होती. दर उन्हाळ्यात घरातलं कुणीतरी पांढरं सिमेंट कालवून बोटाने ती लिंपायचं आणि श्रावणात खाली पुन्हा ओल दिसायची. "पानी गळसच," माय म्हणायची.

शेवटी एका आखाजीला मी भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळ्याने एकेक ठिपका कोरला. मधलं अंतर ३० मिलिमीटर होतं. पोळ्याला मोजलं तर ३१ भरलं. म्हणजे भेग हलत होती, आणि हलणाऱ्या भेगेत कडक माल भरला की तो पुन्हा फुटणारच.

काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ओढ सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहावा हिस्सा. एक मीटर लांबीचं काँक्रीट ०.१ मिलिमीटरच्या आसपास ताणलं गेलं तरी तडकतं. आपल्याकडच्या मे महिन्यातलं ऊन आठवा. टाकी ३० अंशांनी तापली, तर एका मीटरमागे ती जवळपास ०.३ मिलिमीटर वाढते, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. त्यात उन्हात भाजलेल्या भिंतीवर बोअरचं गार पाणी पडलं, की आतली बाजू आकसते आणि बाहेरची तशीच राहते.

तरी आमच्या टाकीचा खरा दोष उन्हाचा नव्हता, तो पायाखालच्या मातीचा होता. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते. म्हणूनच चैत्र-वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. टाकीचं सांडपाणी एकाच बाजूला मुरत असेल, तर तिकडची माती फुगून तो कोपरा उचलते आणि कोरडी बाजू खाली राहते. मग टाकी पिळवटते. भेगेतून गळणारं पाणी पुन्हा त्याच मातीत मुरतं आणि भेग आणखी रुंदावते. या चक्रामुळे भेग बुजवण्याच्या आधी सांडपाण्याची वाट बदलावी लागते. आम्ही पन्हाळ काढून पाणी लांब केळीकडे नेलं, टाकीखालची कडेची काळी माती उपसली आणि तिथे मुरूम ठोकून भरला. मुरूम पाण्याने असा फुगत नाही.

पांढऱ्या सिमेंटचा लेप का टिकत नव्हता, तेही सांगायला हवं. सिमेंट वाळून कडक होत नाही, त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते कडक होतं. उन्हात पातळ लेपातलं पाणी तासाभरात उडून जातं, क्रिया अर्धवट राहते आणि लेपाची भुकटी होते. शिवाय टाकीच्या भिंतीवर साबण आणि जड पाण्यातल्या क्षारांचा बुळबुळीत थर असतो. लेप त्या थरालाच चिकटतो, काँक्रीटला नाही.

भेग हलत नसेल, तर छिन्नीने तिची खाच रुंद करा, तारेच्या ब्रशने कडा उघड्या दगडासारख्या खरखरीत होईपर्यंत घासा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. कडा ओल्या राहू द्या, पण वर पाणी साचू देऊ नका, कारण कोरडी भिंत मालातलं पाणी शोषून घेते. एकास तीन सिमेंट-वाळू दाबून भरा. हे काम संध्याकाळी करा आणि सात दिवस वर ओलं गोणपाट ठेवा.

आमच्यासारखी हलणारी भेग असेल, तर रबरासारखं ताणणारं पॉलियुरेथेन सीलंट लागतं. पाण्याखाली चालेल असं वेष्टनावर छापलेलंच घ्या. ते कोरड्या खाचेतच धरतं. म्हणून टाकी चार दिवस रिकामी ठेवली. खाच एक सेंटिमीटर रुंद केली आणि सीलंट भरण्याआधी तळाशी प्लॅस्टिकच्या टेपची पट्टी टाकली. यामागचं कारण मला फार आवडतं: सीलंट तळालाही चिकटलं, तर भेग उघडताना त्याला मोकळेपणी ताणायला जागा उरत नाही आणि ते फाटतं. फक्त दोन कडांना धरलं, तर मधला भाग रबरी पट्ट्यासारखा लांबतो. भरावाची जाडी रुंदीच्या निम्मी, म्हणजे पाच मिलिमीटर.

ठिपके अजून तसेच आहेत. यंदा पोळ्याला अंतर ३०.५ भरलं आणि टाकीखालचा मुरूम कोरडा होता.