थंड पाण्यातली कयाक-मासेमारी : पोशाखाची आणि १२०च्या बेरजेची पार्श्वभूमी

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. ग्रीनलंडचे शिकारी सीलच्या कातड्याचा अंगरखा कयाकमध्ये बसायच्या भोकाच्या कडेलाच आवळत. होडी उलटली तरी आत पाणी शिरत नसे. १९७०च्या दशकात वर बसायची कयाक आली आणि हे नातं तुटलं. गळ टाकणाऱ्यांनी तीच उचलली, कारण ती बुडत नाही आणि पडल्यावर परत चढता येतं. पण माणूस उघड्यावर आला आणि होडीचं काम कपड्यांवर पडलं.

त्या कपड्यांसाठी एक आकडा रूढ झाला. हवा आणि पाण्याचं तापमान फॅरनहाइटमध्ये मिळवा. बेरीज १२०च्या खाली आली तर वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) किंवा ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा सूट), वर असेल तर साधे कपडे चालतील. लक्षात ठेवायला सोपं, आणि म्हणूनच घातक. उत्तरेकडच्या वसंतात हवा २५ अंश सेल्सियस आणि नुकत्या वितळलेल्या बर्फाचं पाणी ७ अंश असेल, तर बेरीज १२१च्या पुढे जाते. म्हणजे टी-शर्ट चालेल! उलट डिसेंबरातल्या पहाटे मुळशीला हवा १० आणि पाणी, समजा, २० अंश असेल, तर बेरीज ११८ भरते आणि नियम सूट घालायला सांगतो. पाण्यात पडल्यावर हवेची ऊब उपयोगाची नसते. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढतं. पाण्यापुरता कपडा पाण्याचंच तापमान पाहून ठरवावा. मुळशीच्या पहाटे खरा त्रास ओल्या सुती कपड्यांवर लागणाऱ्या वाऱ्याचा. तो बेरीज सांगत नाही.

१९८०च्या दशकापासून आणखी एक समजूत ढासळली. आधी भीती गारठून मरण्याची होती. पण १५ अंश सेल्सियसखालच्या पाण्यात पहिला धोका श्वासाचा असतो. पडताक्षणी आपोआप धाप लागते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. यातून आलेला १-१०-१ हा ढोबळ हिशेब असा : १ मिनिट श्वास सावरायला, सुमारे १० मिनिटं हातापायांचा उपयोग, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. लाइफ जॅकेट पहिल्या मिनिटासाठी असतं, म्हणून ते पाठीमागच्या सामानाच्या क्रेटवर नव्हे, अंगावरच हवं. शिट्टी आणि रेडिओही त्याच्याच खिशात; वाऱ्याने कयाक दूर गेली की तिच्यावरचं सामान गेलंच.

ड्रायसूट हे नावही फसवं आहे. तो कोरडं ठेवतो, ऊब देत नाही. ऊब आतल्या लोकरी किंवा पॉलिएस्टर थरांची. सुती बनियन घामाने भिजून गार पडतं. सूट घातल्यावर उकिडवं बसावं, गळ्याची रबरी पट्टी बोटाने सैल करून आतली हवा काढावी, नाहीतर पडल्यावर ती पायांकडे जाऊन पाय वर उचलते. चेन पूर्ण लावली का, हे दुसऱ्याकडून पाहून घ्यावं. अर्धवट चेन म्हणजे पाण्याला मोकळं दार. मासेमारीत तीन काट्यांच्या गळानेही सूट फाटतो, त्यामुळे न वापरातल्या गळांना टोपणं हवीत.

ड्रायसूटच्या मनगट-गळ्याच्या पट्ट्या लेटेक्सच्या, म्हणजे पातळ रबराच्या असतात; त्या लेटेक्सला ऊन आणि तेल सोसत नाही. सनस्क्रीनचे हात त्याला लावू नयेत. पुण्याच्या मे महिन्यात डिकीत राहिलेला सूट चिकट होऊन पुढच्या प्रवासाआधीच फाटतो. धुऊन, सावलीत वाळवून, लेटेक्सला टाल्कम पावडर लावून गार कपाटात ठेवावा.